आरंभशूरांचं टेबल: एडीएचडी, कामाची जागा आणि नागपूरचा मे महिना

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड करणारा, लहानपणापासूनचा मेंदूच्या वाढीतला विकार. तो असलेल्या माणसाला काय करायचं ते सांगावं लागत नाही, ते त्याला पाठ असतं. अडतं ते नेमक्या त्या वेळी, त्या खुर्चीत बसून करताना. सांगितलेल्या चार गोष्टींतल्या दोन वाटेतच गळतात. अर्धा तास आणि दीड तास आतून सारखेच वाटतात. रटाळ पण गरजेचं काम सुरूच होत नाही आणि आवडीचं काम सुटता सुटत नाही. शाळेत 'हुशार आहे पण धांदरट' आणि मोठेपणी 'आरंभशूर' ही बिरुदं यातूनच मिळतात.

म्हणून इथली सगळी मांडणी एकाच हिशेबानं केली आहे: लक्षात ठेवण्याचं आणि वेळ मोजण्याचं काम डोक्यातून काढून टेबलावर, भिंतीवर, खुंटीवर टांगायचं. शिवाय ही मांडणी केव्हातरी मोडणार हे धरूनच चालायचं. ती इतकी साधी हवी की दहा मिनिटांत परत उभी राहील. रंगीत पेनांचे सात गट आणि तीन ॲप असलेली व्यवस्था सुरुवातीला भारी वाटते, पण तीही आरंभशूरपणाचाच नमुना असते.

टेबल, दार आणि कूलर

पुस्तकातला पहिला सल्ला असतो, दार बंद करून बसा. नागपुरात मार्च सरला की तो निकामी होतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून आत ढकलतो. त्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली बघता बघता दमट होते, अंग चिकचिकतं, आणि चिकचिकीत आपला माणूस टेबलाशी टिकत नाही. म्हणजे दार उघडं हवं, आणि उघड्या दारातून सगळं घर आत येतं. दारावर झरोका असेल तर तो पूर्ण उघडून दार लोटून घ्या. नसेल तर दार वीतभर उघडं ठेवून खाली लाकडी पाचर मारा आणि जाड सुती पडदा लावा, जमिनीपासून हातभर वर. हवा खालून निघून जाते, येणारी-जाणारी माणसं दिसत नाहीत.

टेबलाचं तोंड भिंतीकडे असावं. दार नजरेच्या कोपऱ्यातही नको. पण पाठ पूर्णपणे दाराकडे केली की काहींना मागून कोणीतरी आल्यासारखं वाटत राहतं आणि ते सारखे वळून बघतात. त्यांनी टेबल दाराच्या भिंतीला काटकोनात लावावं. १२० बाय ६० सेंटिमीटरचं टेबल पुरे. त्याहून खोल असेल तर मागच्या पट्ट्यात ढीग साचतो आणि महिन्याभरात तो डोळ्यांना दिसेनासा होतो. स्क्रीन हातभर अंतरावर ठेवा. कूलरनं खिडकी अडवलेली असते, त्यामुळे भर दुपारीही टेबलावर उजेड कमी पडतो. उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं डावीकडे दिवा ठेवावा.

कूलरचा झोत खुर्चीच्या मागून किंवा पायांवरून जाऊ द्या. झोत टेबलावर आला की कागद उडतात, ते गोळा करायला तुम्ही उठता, उठल्यावर फ्रीज उघडता, आणि पाऊण तासानं कामाची आठवण होते. सुटा कागद टेबलावर नकोच. पुठ्ठ्याच्या क्लिपबोर्डाला वरचा चाप असतोच, खालच्या टोकालाही एक काळी क्लिप लावा. पेपरवेटच्या भानगडीत पडू नका. त्याखाली ढीग होतो, आणि ढिगातला खालचा कागद एडीएचडीवाल्याच्या जगात अस्तित्वात नसतो.

कूलरची घरघर मात्र उपयोगाची आहे. एकसुरी आवाजात टीव्ही, भांडी, शेजारच्यांचं बोलणं बुडून जातं. त्रास होतो तो अनियमित आवाजाचा: सुट्या पत्र्याचा खडखडाट, थांबून थांबून होणारी टपटप. स्टँडच्या पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घाला, पत्र्याचे स्क्रू आवळा, पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं सुईनं मोकळी करा. बोअरच्या पाण्याच्या क्षारानं ती बुजली की पाणी एकाच बाजूनं गळतं. पावसाळ्यात कूलर बंद झाल्यावर अचानक बसवत नसेल तर ही गेलेली घरघर हेही एक कारण असू शकतं. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावून बघा.

ड्रॉवरमध्ये ठेवलेली वस्तू हरवली असंच समजा. उघडी फळी आणि पारदर्शक डबे घ्या, डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा. कागदांसाठी दोनच ट्रे ठेवा, 'आलेलं' आणि 'या आठवड्यात'. 'नंतर बघू' असा तिसरा ट्रे ठेवला की सगळं तिथंच मुक्कामाला जातं. घराच्या दाराजवळ एक दणकट खुंट्यांची पट्टी हवी. किल्ली, हेल्मेट, दुपट्टा, गॉगल, ऑफिसचं ओळखपत्र सगळं तिथंच. पट्टीची जागा ठरवताना नीटनेटकेपणा बघू नका. घरात शिरल्यावर हात आपोआप जिथं सामान टाकतो तिथंच ती ठोका, मग ते सोफ्याच्या डोक्यावर का असेना.

मोटार आणि बाहीवरचा चिमटा

नळ आला, मोटार लावली, 'दहा मिनिटांत बंद करतो' म्हणून टेबलाशी बसलात. गच्चीवरून पाणी वाहायला लागून खालचे ओरडले तेव्हा आठवलं. उतू गेलेलं दूध आणि कोरडा पडून जळालेला कूलरचा पंप ही त्याच जातीची प्रकरणं. 'आता लक्षात ठेवीन' हा निश्चय इथं कामाचा नाही, कारण ज्या क्षणी आठवायला हवं त्या क्षणी समोर आठवण करून देणारं काहीच नसतं.

कपड्यांना लावायचा भडक रंगाचा चिमटा मोटारीच्या स्विचवरच लावून ठेवा. मोटार सुरू करताना चिमटा काढून डाव्या बाहीला लावायचा. मोटार बंद केल्यावरच तो परत स्विचवर जाईल. चिमटा बाहीवर आहे म्हणजे घरात काहीतरी चालू आहे. जोडीला स्वयंपाकघरातलं चुंबकाचं टायमर स्विचबोर्डाशेजारी ठेवा आणि ते खिशात घालून न्या. भिंतीवर वाजलेलं कूलरच्या आवाजात ऐकू येत नाही. गॅससाठी चिमटा वेगळ्या रंगाचा ठेवा.

याहून चांगलं म्हणजे आठवणीची गरजच काढून टाकणं. गच्चीच्या टाकीला पाण्याची पातळी बघून मोटार बंद करणारा ऑटोमॅटिक स्विच बसवता येतो. कूलरच्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह लावून पाइप जोडला तर भरण्याचं कामच उरत नाही. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांच्या एका फेरीचा खर्च आहे, पण महागड्या प्लॅनर डायरीपेक्षा तो वसूल होतो. व्हॉल्व्ह बसवला म्हणून टाकी विसरू नका. डासांसाठी आठवड्यातून एकदा ती कोरडी करायचीच असते. तो वार एकच ठरवा, भिंतीवर लिहा, आणि शक्य असेल तर ते काम घरातल्या दुसऱ्या कोणाला देऊन बदल्यात तुम्हाला आवडणारं काम घ्या.

वेळ डोळ्यांना दिसली पाहिजे

टेबलासमोर काट्यांचं घड्याळ लावा. आकड्यांच्या घड्याळात १०:४० हा नुसता आकडा असतो. काट्यांच्या घड्याळात अकराला किती जागा उरली ते दिसतं. काचेवर स्केचपेननं मीटिंगपर्यंतचा तुकडा रंगवला तर आणखी चांगलं, ओल्या फडक्यानं पुसून जातो.

आठवडाभर एक साधी नोंद ठेवा: कामाआधी अंदाज, कामानंतर प्रत्यक्ष लागलेला वेळ. तीस मिनिटांच्या अंदाजाला सत्तर मिनिटं लागली, वीसला पन्नास, असं दिसायला लागेल. मग पुढचे अंदाज सरळ अडीचनं गुणा. सुधारायच्या नादी लागू नका, नुसतं गुणा.

बाहेर पडायची वेळ उलटी मोजा. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी परिसरात, अकराची मीटिंग असेल तर कॅलेंडरात 'अकरा' लिहून काही होत नाही. 'दाराबाहेर' किती वाजता, ते लिहा. बहुतेकांचा हिशेब प्रवासात नाही, दारातच चुकतो. मे महिन्यात तोंडाला दुपट्टा बांधणं, गॉगल, हेल्मेट, पाण्याची बाटली, गाडीची तापलेली सीट पुसणं यात सात-आठ मिनिटं सहज जातात आणि ती कोणी धरत नाही. तीन गजर लावा आणि प्रत्येकाला नाव द्या: 'काम बंद, फाइल सेव्ह', 'दुपट्टा', 'दाराबाहेर'. नुसता वाजणारा गजर झोपेतल्यासारखा हात जाऊन बंद होतो. नाव वाचलं की काय करायचं ते तरी समोर येतं. मेट्रोनं जात असाल तर घरून स्टेशनपर्यंतचा वेळ एकदा खरोखर मोजून भिंतीवर लिहा.

दूरची तारीख आतून जाणवत नाही. स्वतःला दिलेली अलीकडची खोटी तारीखही चालत नाही, ती खोटी आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. समोर माणूस असला तर मात्र चालते. दरमहा जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरणाऱ्यांची मुदत २० तारीख. चुकलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, व्यवहार शून्य असेल तर २०. अशा वेळी सीएकडची १४ तारखेची भेट आधीच पक्की करून ठेवा, बिलं घेऊन बसायचं म्हणून. लाइट बिल, विमा, हप्ते ऑटोपेवर टाका आणि त्यांचं खातं रोजच्या खर्चाच्या खात्यापासून वेगळं ठेवा. पैशाबद्दल एवढं पुरे.

सुरुवात कशी करायची

उद्याच्या कामाची सुरुवात आज उठताना करायची असते. शेवटची सात मिनिटं टायमर लावून राखून ठेवा. टेबल रिकामं करा, उद्याची फाइल उघडी ठेवा, पेन नेमक्या त्या ओळीवर, आणि तीन चिठ्ठ्या लिहा. तीनच. चिठ्ठीवर क्रियापद हवं. 'रिपोर्ट' हे काम नाही, तो डोंगर आहे. 'रिपोर्टच्या तिसऱ्या तक्त्यात मार्चचे आकडे भरणे' हे काम आहे.

सकाळी बसल्यावर टेबल आवरायचं नाही. एडीएचडीवाल्याला काम टाळायला सर्वात प्रतिष्ठित बहाणा आवराआवरीचा मिळतो: दिवसभर राबल्यासारखं वाटतं आणि आकडे तिथंच राहतात. पहिली चिठ्ठी समोर ठेवा, टायमर १५ मिनिटांवर लावा. पाच मिनिटांत हात चालायला लागला नाही तर काम आणखी बारीक करा: 'तक्ता उघड', 'पहिला आकडा टाक'. तरीही नाही, तर उभं राहून करा किंवा मोठ्यानं बोलत करा. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुटी हे ठरीव माप सगळ्यांना मानवत नाही. सुरुवातीला ते लांब वाटतं आणि एकदा लय लागली की त्याची घंटा लय तोडते. लय लागली असेल तर घंटा पन्नास मिनिटांवर न्या, पण पूर्ण काढू नका. तहान, लघवी, जेवण सगळं विसरून पाच तास गेले की संध्याकाळ वाया जाते.

मध्येच कोणी हाक मारली तर उठण्याआधी क्लिपबोर्डावर एक ओळ: 'पुढे: एप्रिलचा आकडा, डावीकडच्या बिलातून.' हाक मारणाऱ्याला दहा सेकंद थांबवावं लागलं तरी हरकत नाही. ती ओळ नसेल तर परत आल्यावर आपण कुठं होतो हे शोधण्यातच जीव जातो. डोक्यात अचानक उगवलेली कामं ('गॅस बुक करायचा!') त्याच कागदाच्या खालच्या भागात टिपा आणि बसून राहा.

घरच्यांशी दोन गोष्टी ठरवा. दाराच्या कडीला लाल रुमाल बांधलेला असेल तर आग लागल्याशिवाय बोलायचं नाही, आणि रुमाल दीड तासाच्या वर बांधायचा नाही. तासन्‌तास तो तिथंच राहिला तर चौथ्या दिवशी त्याला कोणी विचारत नाही. दुसरी गोष्ट प्रश्नाची. 'झालं का तुझं?' याचं उत्तर 'होतंय' एवढंच येतं आणि वाद सुरू होतो. त्याऐवजी 'पहिली चिठ्ठी कोणती आहे?' असं विचारा.

सोबत

शेजारी कोणी आपलं काम करत बसलं की एडीएचडीवाल्याचं काम चालतं. सोबतीनं तुमचं काम करायचं नाही, तपासायचंही नाही, नुसतं बसायचं. बसताना दोघांनी एकेक वाक्यात सांगायचं की काय करणार, उठताना सांगायचं झालं की नाही, मध्ये गप्पा नाहीत. साहेब, आणि ज्याच्याशी बोलणं संपत नाही असा जिवलग, हे दोघेही सोबतीला चालत नाहीत. दूरची सोबत व्हिडिओ कॉलवर होते, कॅमेरा चालू आणि माइक बंद.

नागपुरात यासाठी एक तयार जागा आहे, स्पर्धा परीक्षावाल्या पोरांच्या अभ्यासिका. शांतता, ठरलेली खुर्ची, चारी बाजूंना मान खाली घालून वाचणारे. वर्षभराची फी एकदम भरू नका, एका महिन्यानं सुरुवात करा. जाण्याआधी तीन गोष्टी बघा: खुर्चीजवळ प्लग आहे का, लाइट गेल्यावर इन्व्हर्टर आहे का, आणि लॅपटॉपच्या कीबोर्डचा आवाज तिथं चालतो का. फोनवर बोलायचं काम असणाऱ्यांनी घरीच बसावं.

फोन

उपडा ठेवलेला फोन दूर गेला असं होत नाही. दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. मे महिन्यात ज्या खोलीत कूलर नाही ती खोली उत्तम, तिथं उगाच कोणी जात नाही. ऑफिसचा व्हॉट्सॲप लागत असेल तर तो लॅपटॉपवर उघडा, नातेवाइकांचे आणि सोसायटीचे ग्रुप कायमचे म्यूट करा आणि ११, २, ५ अशा तीन वेळा बघा. खरोखर तातडीच्या दोन-तीन नंबरांनाच वाजायची परवानगी ठेवा. स्क्रीन काळी-पांढरी केली तर ओढ थोडी कमी होते, चमत्कार होत नाही.

सवयी, जेवण, झोप

एका वेळी एकच सवय, किमान दोन आठवडे. ती आधीच रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा: नळ येणं, दूधवाला, पहिला चहा. 'सकाळी लवकर' ही वेळ नाही, 'चहाचा कप ठेवल्यावर' ही आहे.

उन्हाळ्यात अवघड काम सकाळी सहा ते दहामध्ये काढा. दुपारी एक ते चार डोकं वितळतं, तेव्हा बिलं लावणं, फोटो पाठवणं असली हलकी कामं. नुसत्या पोह्यांवर सकाळ निघत नाही. सोबत उकडलेलं अंडं किंवा तर्रीतले चणे भरपूर घ्या. चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. एडीएचडीत झोपेची वेळ पुढे सरकणं फार आढळतं आणि संध्याकाळचा तिसरा चहा ती आणखी ढकलतो. एक लिटरची बाटली टेबलावर, दिवसातून तीनदा रिकामी. डॉक्टरांनी पाण्याचं वेगळं प्रमाण सांगितलं असेल तर तेवढंच.

डॉक्टर आणि गोळ्या

विसराळूपणा थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य, चिंता, घोरण्यासोबतचा झोपेचा विकार यांतही होतो, म्हणून इंटरनेटवरच्या चाचणीवर थांबू नका. निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात, आणि १७ वर्षं आणि त्यापुढच्यांत दुर्लक्षाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान पाच. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं आणि लहानपण आठवणारी आई, मावशी, मोठा भाऊ यांपैकी कोणीतरी सोबत न्या. शासकीय सोय हवी असेल तर मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथं मानसोपचार विभाग आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो.

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध सुरू झालं तर एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्या. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत आहे: प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, आणि प्रत्येक दुकान ते ठेवत नाही. शेवटची गोळी संपल्यावर शोधायला निघालात तर दोन-चार दिवस बिनऔषधाचे जातात आणि त्या दिवसांत डॉक्टरांची वेळ घेणंही जमत नाही. पाकिटावर सात गोळ्या उरल्या की तिथं लाल खूण करा, खूण दिसली की त्याच दिवशी फोन. साध्या गोळीचा परिणाम साधारण तीन-चार तास टिकतो, लांब चालणाऱ्या प्रकारांचा आठ ते बारा. ॲटोमॉक्सेटिन या एडीएचडीवरच्या दुसऱ्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, चौथ्या दिवशी 'काही होत नाही' म्हणून सोडू नका. मिथाइलफेनिडेटनं भूक मरते आणि नाडी वाढते, त्यामुळे नाश्ता गोळीआधी. उन्हात फिरायचं काम असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. आणि सात कप्प्यांची गोळ्यांची डबी घ्याच. 'घेतली की नाही?' या शंकेपायी दुसऱ्यांदा घेतली जाण्याचा धोका खरा आहे. डबी मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

मोडल्यावर

दिवाळी, घरचं लग्न, चार दिवसांचा ताप, आणि सगळं विस्कटतं. टेबल दिसत नाही, रुमाल कुठं गेला ते माहीत नाही, चिमटा मुलांनी नेला. नवी व्यवस्था शोधू नका. एक मोठं खोकं आणा आणि टेबलावरचं सगळं न बघता, न लावता त्यात घाला. हाच भाग सर्वात कठीण, कारण प्रत्येक कागद 'मला वाच' म्हणतो. खोक्यावर तारीख लिहा. खुर्ची मोकळी करा, घड्याळ चालू आहे का बघा, तीन चिठ्ठ्या लिहा, टायमर दहा मिनिटांवर लावा, बसा.

खोकं शनिवारी वीस मिनिटं उघडायचं, सोबतीला कोणी असताना. बँक, विमा, कर, सही-शिक्क्याचे कागद आधी बाहेर काढा. दोन महिने झाले तरी उरलेल्याकडे हात गेला नाही, तर घरातल्या दुसऱ्या माणसाला एकदा वरून चाळायला सांगा आणि रद्दीवाल्याची हाक आली की खोक्यासकट देऊन टाका.